पैसे चौदाव्या आठवड्याला, गळती नवव्या महिन्याला

मा. संपादक,

लस घेणाऱ्याला सरकारने रोख पैसे द्यावेत का, हा वाद करोनाकाळात रंगला. बाळांच्या लसीकरणासाठी मात्र आपल्याकडे असे पैसे आधीपासूनच दिले जातात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र आईला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंदणी आणि किमान एक तपासणी झाली की ३,००० रुपये. बाळाची जन्मनोंद आणि चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या लसी झाल्या की २,०००. दुसरी मुलगी असेल तर ६,००० एकरकमी, अट तीच.

रक्कम ठीक आहे, वेळ चुकते. चौदाव्या आठवड्यापर्यंत दर महिन्याला लसीची तारीख असते, आशाताईंच्या घरी फेऱ्या चालू असतात. पुढची तारीख थेट नवव्या महिन्याची: गोवर-रुबेलाचा पहिला डोस. दुसरा १६ ते २४ महिन्यांत, सोबत त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचे बूस्टर. या दोन्ही टप्प्यांसाठी आईला एक रुपयाही नाही. गोवर आटोक्यात ठेवायचा तर दोन्ही डोस ९५ टक्के मुलांपर्यंत पोचावे लागतात. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, तो डोस चुकलेल्या मुलांमध्येच जास्त.

ऊसतोड कुटुंबाचे पाहा. मे महिन्यात जन्मलेल्या बाळाचे चौदा आठवडे ऑगस्टमध्ये गावीच भरतात. नववा महिना येतो फेब्रुवारीत. तेव्हा कुटुंब कारखान्याच्या फडावर आणि माता-बाल संरक्षण कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. कार्ड नसेल तर आधी काय दिले ते तिथल्या सिस्टरला कळत नाही. निघण्यापूर्वी कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून घेतला तरी निम्मे काम होते.

आहे तो हप्ताही अनेकींचा अडकतो. आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे. नोंदणी सासरी, पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे लसींची नोंद दुसऱ्याच उपकेंद्रात. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते एखादे जुने, बंद पडलेले खाते निघाले की हप्ता परत. कोणती बँक जोडली आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’मध्ये दिसते. अर्ज भरण्यापूर्वीच ते पाहावे. खासगी दवाखान्यात लस घेतली असेल तर तारखा सरकारी कार्डावर चढवून घ्याव्यात. बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे, हेही पुष्कळांना उशिरा कळते.

खात्यात कधीतरी येणाऱ्या पैशापेक्षा हातात लगेच पडणारी वस्तू जास्त काम करते. उदयपूर जिल्ह्यात १३४ गावांत झालेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहीच न केलेल्या गावांत ६ टक्के मुलांचे लसीकरण पूर्ण झाले, नियमित शिबिरे भरवली तिथे १८, आणि शिबिरासोबत दर लसीला किलोभर डाळ, शेवटी ताटांचा संच दिला तिथे ३९. गर्दी वाढल्याने प्रत्येक मुलामागचा खर्चही उतरला.

म्हणून २,००० चा हप्ता तोडावा: चौदाव्या आठवड्याला १,०००, नवव्या महिन्याला ५०० आणि दुसऱ्या गोवर-रुबेलाला ५००. हे शेवटचे दोन हप्ते दुसऱ्या मुलालाही द्यावेत. गोवराला मुलगा-मुलगी कळत नाही. पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) डोसानंतर बाळाला ताप येतो, मांडीवर गाठ येते, आईचा रोज बुडतो. ताप येणार हे आधीच सांगून पॅरासिटामॉल हातात द्यावे, नाहीतर ती पुढच्या डोसाला फिरकत नाही.

आणि एक. गोवर-रुबेलाची कुपी पाच किंवा दहा डोसांची असते, पाणी घातल्यावर चार तासांत संपवावी लागते. ‘एकाच बाळासाठी कशी फोडू, पुढच्या सत्राला या’ असे सत्रावर सर्रास ऐकू येते. उरलेले डोस वाया गेले तरी चालतील, कुपी फोडलीच पाहिजे. मजुरी बुडवून आलेली बाई एकदा परत गेली, की पाचशे रुपयांसाठीही पुन्हा येत नाही.

— लसीकरण सत्रांवर काम करणारे काही आरोग्य कर्मचारी, बीड जिल्हा