ते पिवळे फूल गवताचे नाही

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विषय : पाणथळ जागेतील पिवळ्या फुलाच्या छायाचित्राखालील ओळ

महोदय,

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात एका पाणथळ जागेतील वनस्पतीचे मोठे आणि अतिशय देखणे छायाचित्र प्रसिद्ध झाले. सरळसोट, पाने नसलेली दांडी, तिच्या टोकाला तपकिरी खवल्यांचा लहानसा फुलोरा आणि त्या खवल्यांच्या फटीतून बाहेर आलेले तीन पाकळ्यांचे एकच पिवळेधमक फूल त्यात स्पष्ट दिसते. खाली मात्र ‘दलदलीत फुललेले गवत’ एवढीच ओळ होती. ही वनस्पती झायरिस या प्रजातीतील, म्हणजे जवळच्या नात्याच्या अनेक जातींच्या गटातील, आहे आणि ती गवत नाही. इंग्रजीत तिला ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थ ‘पिवळ्या डोळ्याचे गवत’ असा होतो, त्यामुळे ही चूक सहज होण्यासारखी आहे. तरीही ती तशीच राहू नये असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी गेली अनेक वर्षे हौसेने वनस्पतींची रेखाटने करते. झायरिस पहिल्यांदा पाहिली तेव्हा मीही तिला लव्हाळ्याचाच एखादा प्रकार समजले होते. त्या दिवशी मी दुपारी तेथे पोहोचले होते आणि एकही फूल उघडे नव्हते. चिखलात उभ्या असलेल्या काड्या आणि त्यांच्या टोकाला वाळल्यासारखी दिसणारी तपकिरी बोंडे एवढेच समोर होते. एक रोप नमुन्यादाखल चितारायला घेतले आणि पहिल्याच पानापाशी अडले. पानाची वरची बाजू कोणती आणि खालची कोणती, हे काही केल्या ठरेना. दोन्ही बाजूंचा रंग सारखा, शिरा सारख्या, आणि पान दांडीकडे आपले पाते वळवण्याऐवजी कड वळवून उभे. पुढे वाचल्यावर उलगडा झाला, तो असा की हे पान जणू उभे दुमडून दोन्ही अर्धे एकमेकांना चिकटावेत अशा रीतीने घडलेले असते, त्यामुळे आपल्याला दिसतात त्या दोन्ही बाजू खरे तर त्याच्या पाठीच्याच असतात. अशी पाने बुडाशी दोन ओळींत, एकाच्या कुशीत दुसरे अशी बसतात आणि सारे रोप पंख्यासारखे चपटे दिसते. आयरिस या फुलझाडाच्या पानांची ठेवणही अशीच असते. झायरिस हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले आहे त्याचा संबंध वस्तऱ्याशी आहे आणि प्राचीन काळी ते आयरिसच्याच एका दुधारी पानांच्या जातीला लावले जात असे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्या नावाखाली इंडिका ही जाती नोंदवली आणि तेव्हापासून ते नाव या पिवळ्या फुलांच्या वनस्पतींकडे कायमचे आले.

गवताच्या पानाशी हे ताडून पाहावे. गवताच्या पात्याला वरची आणि खालची बाजू असते, पाते आणि आवरण जेथे जुळतात तेथे बहुधा एक पातळ पडदा किंवा केसांची झालर असते, आणि काडीवर पेरे असतात. झायरिसच्या फुलोऱ्याच्या दांडीला पेर नाही, पान नाही. ती बुडापासून टोकापर्यंत एकसंध असते, काही जातींत गोल, काहींत चपटी, तर काहींत कडेने धारदार. लव्हाळ्याची दांडी पुष्कळदा तिधारी असते आणि पाने तीन ओळींत लागतात, त्यामुळे दोन ओळींतला हा पंखा एकदा ओळखू आला की लव्हाळ्याशीही गल्लत होत नाही.

मात्र खरा फरक फुलात आहे, आणि तो पाहण्यासाठी मला दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे लागले. फुलोरा म्हणजे एकावर एक, सर्पिलाकार रचलेल्या चिवट, काहीशा काष्ठमय छदांचे, म्हणजे कळीला आडोसा देणाऱ्या खवल्यांचे, कणिश असते. चीड (पाइन) वृक्षाच्या शंकूची अगदी लहान प्रतिकृती डोळ्यांसमोर आणली तर ते नीट कळेल. अनेक जातींत प्रत्येक छदाच्या पाठीवर टोकाजवळ हिरवट किंवा राखाडी रंगाचा एक ठिपका असतो. तो असणे वा नसणे आणि त्याचा आकार यांवरून जाणकार जाती वेगळ्या करतात. सर्वांत खालचे काही छद वांझ असतात आणि वरच्या प्रत्येक छदाच्या आड एकच कळी दडलेली असते. सर्व कळ्या एकदम उमलत नाहीत. एका कणिशावर एका दिवशी एक किंवा दोनच फुले उघडतात, त्यामुळे बोटाच्या पेराएवढे ते कणिश कित्येक दिवस फुलत राहते.

त्या सकाळी भिंग धरून मी एका छदाकडे पाहत बसले होते. छद किंचित दूर सरले आणि त्यामागून पिवळसर टोपी घातलेली कळी वर आली. ही टोपी म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या तीन निदलांपैकी आतले एक निदल. ते अगदी पातळ, पारदर्शक असते आणि पाकळ्यांची कळी ते पुरती झाकून ठेवते. पाकळ्यांनी अंग पसरले तशी ती टोपी सुटली आणि माझ्या वहीच्या कागदावर पडली. उरलेली दोन निदले बाजूंना असतात. ती नावेच्या आकाराची, कण्याच्या जागी उंचावलेली आणि टिकाऊ असतात व फळ पिकेपर्यंत त्याला धरून राहतात. त्यांचा तो कणा काही जातींत गुळगुळीत, काहींत दातेरी, तर काहींत झालरीसारखा असतो. फिंब्रिएटा या जातीत ती झालर छदांच्या बाहेर डोकावते आणि जातीचे नावही त्या झालरीवरूनच पडले आहे. टॉर्टा या जातीला तिच्या पिळदार पानांवरून नाव मिळाले. कॅरोलिनिआना या जातीचे बूड कांद्यासारखे फुगीर असते, पण त्यासाठी रोप उपटून पाहावे लागते आणि ते मला पटत नाही.

पाकळ्या तीन, बुडाशी निमुळत्या आणि वर पसरट. बहुतेक जातींत त्या पिवळ्या आणि क्वचित पांढऱ्या असतात. प्रत्येक पाकळीसमोर एक याप्रमाणे तीन सफल, म्हणजे पराग देणारे, पुंकेसर असतात आणि त्यांच्या मधल्या जागांत पराग न देणारे तीन वंध्य पुंकेसर. अनेक जातींत हे वंध्य पुंकेसर टोकाशी दुभंगलेले असतात आणि त्यांवर मण्यांच्या माळेसारख्या केसांचा दाट झुबका असतो. माझ्या पहिल्या रेखाटनात मी या झुबक्यांनाच परागकोश समजून सहा पुंकेसर काढले होते, भिंगाखाली ती चूक लक्षात आली. झायरिसच्या फुलात मध नसतो. मधमाश्या येथे केवळ परागासाठी येतात आणि झुबक्यांतल्या केसांत तो पराग अडकून राहतो. गवताचे फूल याच्या अगदी उलट असते. तेथे दिसण्याजोगी पाकळी नसते, बहुतेक गवतांचे परागण वाऱ्यावर होते आणि कीटकांना बोलावण्याची त्यांना गरज पडत नाही. रंगीत पाकळ्या आणि केसाळ वंध्य पुंकेसर असलेल्या या फुलाला गवताचे फूल म्हटले की त्याचा हा सारा खटाटोप पुसला जातो.

माझ्यासमोरचे फूल दुपार होण्याआधी मिटू लागले आणि काही वेळातच पाकळ्यांचा ओलसर, गुंडाळलेला धागा तेवढा उरला. प्रत्येक जातीची उमलण्याची वेळ ठरलेली असते. काही सकाळी फुलतात, काही दुपारी, पण फूल टिकते ते थोडेच तास. फुलानंतर छदाच्या आत लहानसे बोंड धरते आणि ते तीन फाकांत उकलते. त्यातले बी बहुधा जेमतेम अर्ध्या ते एक मिलिमीटरचे, अर्धपारदर्शक आणि उभ्या बारीक रेघांचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा पिंपाच्या पट्ट्यांसारख्या दिसतात आणि नेमकी जाती ठरवताना त्यांचाही आधार घेतला जातो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. गवताशी या वनस्पतीचे नाते मुळीच नाही, असे माझे म्हणणे नाही. ती एकदल आहे आणि आजच्या वर्गीकरणात तिचे झायरिडेसी हे कुल गवते आणि लव्हाळे ज्या गणात येतात त्याच पोएलीज गणात ठेवले आहे. म्हणजे ती एकाच मोठ्या घराण्यातली, पण वेगळ्या कुळातली. या प्रजातीत २५० हून अधिक जाती असून त्यांची सर्वाधिक विविधता दक्षिण अमेरिकेत आहे.

तिच्या जागेविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण ‘गवत’ या शब्दाने सर्वांत मोठे नुकसान तेथे होते. झायरिसला लागते ती बहुधा ओली, आम्लधर्मी, पोषणद्रव्यांनी गरीब आणि भरपूर ऊन मिळणारी जमीन. तिच्या शेजारी अनेकदा गेंद या वनस्पतीचे पांढुरके गुच्छ, कीटक पकडणारी दवबिंदू ही वनस्पती आणि ‘सीतेची आसवे’ ही वनस्पती ज्या प्रजातीत मोडते तिच्या इतर जाती आढळतात. अशा जमिनीला खत मिळाले, तिचे पाणी काढून टाकले किंवा तिच्यावर झुडपांची दाट सावली आली की जोमाने वाढणाऱ्या इतर वनस्पती पुढे जातात आणि झायरिस मागे पडते. अमेरिकेतील टेनेसी, जॉर्जिया आणि अलाबामा या राज्यांत आढळणारी टेनेसीएन्सिस ही जाती या नियमाला एका बाबतीत अपवाद आहे. ती चुनखडीयुक्त झिरपणीच्या जागी वाढते. झायरिसचे अभ्यासक रॉबर्ट क्राल यांनी १९७८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९९१ मध्ये तिचा समावेश तेथील संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत झाला. जमिनीचा बदललेला वापर आणि आसपासच्या झाडोऱ्याची वाढती सावली ही दोन्ही तिच्यापुढील संकटे आहेत. पाणथळ जागेची पाहणी करणारा माणूस फुले मिटल्यावर तेथे पोहोचला आणि त्याने वहीत ‘गवत व लव्हाळे’ एवढेच लिहिले, तर अशी जाती त्याच्या पायाखाली असूनही नोंदीत येणार नाही. माझ्या पहिल्या दिवसाच्या वहीत मी नेमके तेच दोन शब्द लिहिले होते.

म्हणून आपणास विनंती अशी की पुढील अंकात त्या छायाचित्राच्या नावाची दुरुस्ती छापावी. जाती ठरवण्याइतका तपशील छायाचित्रात दिसत नसल्याने ‘झायरिस’ एवढे प्रजातीचे नाव दिले तरी ते योग्य ठरेल. छायाचित्रकारांना शक्य असेल तर चित्र टिपल्याची वेळ त्याखाली द्यावी, आणि पुन्हा तेथे जाणे झाले तर बुडाशी असलेला पानांचा पंखा व एका छदाचा जवळून घेतलेला फोटो यांचीही जोड द्यावी. एवढ्यावरून जातीच्या बरेच जवळ पोहोचता येते आणि त्यासाठी एकही रोप उपटावे लागत नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक