बुडालेलं जहाज वर काढायचा आग्रह कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या लेक मिशिगनमध्ये १८८६ साली बुडालेलं एफ. जे. किंग नावाचं शिडाचं लाकडी जहाज २०२५ मध्ये सापडलं, त्यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. लेख छानच होता, पण शेवटी लिहिलंय ना की असं जहाज पाण्यात कुजत ठेवण्यापेक्षा वर काढून म्युझियममध्ये उभं करा, तिथे मला राहवेना. आमची लाकडाची वखार आहे, आजोबांपासूनची, त्यामुळे लाकूड पाण्यात जास्त कुजतं की पाण्याबाहेर यावर बोलायचा थोडाफार हक्क आहे असं समजतो.

बुडालेलं जहाज वर काढायचा हा उद्योग त्याच लेकमध्ये एकदा करून झालाय. ॲल्विन क्लार्क नावाचं दोन डोलकाठ्यांचं जहाज, १८४० च्या दशकात बांधलेलं, जून १८६४ मध्ये लाकूड भरायला रिकामंच निघालं होतं, वरच्या झडपा उघड्या, आणि ग्रीन बे नावाच्या त्याच लेकच्या फाट्यात अचानक वादळी वारा आला नि जहाज आडवं झालं, कॅप्टनसकट तिघं गेले. मग १०३ वर्षं कोणाला पत्ता नाही. १९६७ मध्ये एका मच्छीमाराचं जाळं खाली कशाततरी अडकलं, ते सोडवायला फ्रँक हॉफमन नावाचा डायव्हर उतरला तर खाली शंभरेक फुटांवर आख्खं जहाज सरळ उभं! हा माणूस वेडाच झाला, हौशी डायव्हर गोळा केले, आत भरलेला गाळ उपसला आणि १९६९ च्या जुलैत जहाज वर आणलं. आतमध्ये खलाशांचं सामान होतं, मातीच्या भांड्यात चीज होतं, आणि पाणी उपसल्यावर ते जहाज कशाच्याही आधाराशिवाय तरंगलं हो, शंभर वर्षांनी!

इथपर्यंत सगळी वाहवा. पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. मेनॉमिनी गावात तिकीट लावून जहाज उघड्यावर ठेवलं. आता आमच्या वखारीत नवा चिरलेला सागसुद्धा आम्ही उन्हात टाकत नाही, सावलीत फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावतो, टोकांना रंग फासतो, तरी एखादी फळी फाटतेच. आणि इथे तर शंभर वर्षं भिजलेलं लाकूड, आतून पोकळ होत गेलेलं, नुसत्या पाण्याने आकार धरून ठेवलेला, ते पाणी उडून गेलं की आतल्या आत बसतं, चिरा जातात, मग बुरशी. हॉफमनने सरकारकडे, म्युझियमवाल्यांकडे हात पसरले, पैसे कोणी दिले नाहीत, बिचाऱ्याने आयुष्य घातलं त्यात. शेवटी विकलं, आणि १९९४ मध्ये उरलंसुरलं मोडून टाकलं. पाण्यात १०५ वर्षं टिकलेलं जहाज बाहेर २५ वर्षंही टिकलं नाही.

कोणी म्हणेल स्वीडनने ‘वासा’ नावाचं त्यांचं जुनं बुडालेलं जहाज नाही का टिकवलं? टिकवलं, पण १९६१ ला वर काढल्यावर १७ वर्षं त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारत होते, पाण्याची जागा त्या मेणासारख्या केमिकलने घ्यावी म्हणून, आणि आजही हवेतला दमटपणा मोजत बसावं लागतं. एवढा खर्च कुठलं सरकार प्रत्येक जहाजासाठी करणार?

उलट त्या लेकचं पाणी हाच फुकटचा कोल्ड स्टोरेज आहे. गोडं पाणी, तळाशी वर्षभर गारठा, आणि मुख्य म्हणजे समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा असतो तो तिथे नाहीच. आमच्या कोकणात होडी वर ओढून तळाला काही ना काही फासावं लागतं ते उगाच नाही.

तिथे सगळं आलबेल आहे असंही नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत परदेशी जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा आणि क्वागा शिंपले आलेत, ते लाकडावर थरावर थर चढतात. गंमत अशी की ते पाणी गाळतात म्हणून पाणी स्वच्छ झालं, जहाजं दिसायला लागली, आणि तेच शिंपले जहाजं झाकून टाकतायत. म्हणून तिथली मंडळी घाईने फोटो काढून थ्रीडी मॉडेलं बनवतात, ते मला पटतं. अमेरिकेच्या १९८७ च्या कायद्याने अशी जहाजं बहुतेक राज्यांच्या मालकीची झाली, आणि २०२१ मध्ये लेक मिशिगनकाठच्या विस्कॉन्सिन राज्याच्या किनाऱ्यालगतचा ९६२ चौरस मैलांचा पट्टा अशा जहाजांसाठी राखीव केला. शेजारच्या लेक ह्युरनकाठी अल्पीना गावात तर काचेच्या तळाच्या बोटीतून जहाजं दाखवतात. पर्यटन म्हणतात ते हेच की!

आणि एक, लेखासोबतचा फोटो शिडाच्या जहाजाचा नाही, धुराडं स्पष्ट दिसतंय, स्टीमर आहे तो. पुढच्या वेळी जरा बघून छापा.

आपला एक वाचक,
चिपळूण