जिनिव्हाची बोलणी फिसकटल्यावर

दोनापावला, गोवा

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

प्लॅस्टिकच्या जागतिक कराराची बोलणी २०२५च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हात फिसकटली, तेव्हा तू विचारलंस, "आई, मग तू इतकी वर्षं किनाऱ्यावर जे मोजलंस, त्याचं झालं काय?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं काम कष्टाचं आणि संथ. ओहोटीला पुळणीवर चौकट मांडायची, वरची वाळू खरवडून आणायची, वाळवून मिठाच्या दाट पाण्यात ढवळायची. वाळू तळाशी बसते, प्लॅस्टिक तरंगतं. मग एकेक कण सूक्ष्मदर्शकाखाली. पण कायदा करणाऱ्याला हाच आकडा लागतो. ब्रिटनमधल्या प्लिमथचे सागरी शास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन यांचा सूक्ष्म प्लॅस्टिकवरचा लेख २००४चा. सौंदर्यप्रसाधनांतल्या प्लॅस्टिकच्या कणांवर ब्रिटनमध्ये बंदी आली २०१८ साली. मधली चौदा वर्षं फुकट गेली असं मी तरी म्हणणार नाही.

आपल्याकडे केरळात बघ. कोल्लमचे मच्छीमार जाळ्यात आलेलं प्लॅस्टिक पुन्हा समुद्रात टाकत असत. २०१७पासून ते बंदरावर आणू लागले. बायका ते निवडतात, धुतात, आणि त्याचा चुरा रस्त्याच्या डांबरात जातो. मला ही योजना फार आवडते, कारण तिची सुरुवात समुद्रावर जाणाऱ्या माणसापासून होते.

तरी निस्तरणं पुरेसं नाही. जिनिव्हात खरा वाद तोच होता: मुळात प्लॅस्टिक कमी बनवायचं, की नुसता कचरा आवरायचा? तेल उत्पादक देशांना उत्पादनावर मर्यादा नको होती, आपल्या सरकारलाही नको होती. मला ते पटत नाही. नळ उघडा ठेवून फरशी पुसत बसण्यासारखं आहे ते.

आणि आता तुझ्या कामाचं. २०२५च्या मे महिन्यात एमएससी एल्सा ३ हे जहाज कोचीजवळ बुडालं आणि प्लॅस्टिकच्या कच्च्या मालाच्या बारीक पांढऱ्या गोळ्या केरळ-तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर पसरल्या. २०२१मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल या जहाजाला आग लागली, तेव्हाही हेच झालं होतं. गोळ्या वाळूत रुतल्या की पूर्ण वेचता येत नाहीत. मासे आणि पक्षी त्या अंडी समजून गिळतात. एवढं होऊनही सागरी वाहतुकीच्या नियमांत हा माल धोकादायक गणला जात नाही! भरपाई मागताना मच्छीमाराने नुकसान सिद्ध तरी कसं करायचं?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला तू विषय शोधतो आहेस ना? हा घे. दिवाळीत आलास की मालिमच्या जेटीवर जाऊ, खलाशांशी बोलू, जाळ्यात मासळीबरोबर काय काय येतं ते बघू. नमुने कसे घ्यायचे ते मी दाखवते. न्यायालयात टिकेल अशी त्यांची नोंद कशी ठेवायची, ते तू आम्हाला सांग.

तुझी,
आई