पंचाहत्तरीची भेट म्हणून घेतलेल्या चार फुटी मत्स्यालयाबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
मुख्य कार्यालय.

विषय : ‘संपूर्ण भेट संचा’त कबुलीपेक्षा कमी क्षमतेची साधने दिल्याबद्दल, पाणी तयार नसताना मासे सोडल्याबद्दल आणि माझ्या वडिलांचा अपमान केल्याबद्दल.

महोदय,

आज सकाळी आपल्या ग्राहक सेवा विभागातील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी “हे प्रकरण आमच्याकडून बंद झाले आहे” असे सांगून माझा फोन ठेवून दिला, म्हणून हे पत्र थेट आपल्या नावे लिहीत आहे. त्या क्रमांकावर मी पुन्हा फोन करणार नाही. आपला चार फुटी संच आपणास ठाऊक आहे, त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. काय कबूल केले होते, प्रत्यक्षात काय आले आणि त्यातून काय घडले, एवढेच लिहितो.

ही टाकी आम्ही तिघा भावंडांनी मिळून वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त सांगलीच्या घरी पाठवली. वडिलांनी लहानपणी मुंबईला मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय पाहिले, तेव्हापासून घरात मोठी टाकी असावी ही त्यांची इच्छा होती. दोन खोल्यांच्या जागेत आणि तिघांच्या शिक्षणात ती मागे पडली. त्यामुळे ही भेट आम्ही घाईने घेतलेली नाही. आपल्यापेक्षा कमी किमतीत टाकी देणारे दुकानदार सांगलीतच होते. तरीही आपली निवड केली, कारण टाकी, स्टँड, फिल्टर, हीटर, दिवे, मासे आणि जोडणी या सगळ्याची जबाबदारी एकाच कंपनीने घ्यावी आणि पुण्यात बसून आम्हाला दहा जणांच्या मागे लागावे लागू नये, असा आमचा विचार होता. आपल्या जाहिरातीत नेमके हेच आश्वासन होते.

आधी साधनांविषयी. टाकी 120 बाय 45 बाय 60 सेंटिमीटरची, म्हणजे काठोकाठ भरली तर 324 लिटरची आहे. एवढ्या पाण्यासाठी आपण ताशी 1400 लिटरचा, टाकीबाहेर ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर आणि 300 वॅटचा हीटर कबूल केला होता आणि ते योग्यही होते, कारण टाकीतले पाणी तासाला निदान चार वेळा फिल्टरमधून फिरावे लागते आणि हीटरसाठी लिटरमागे साधारण एक वॅट धरला जातो. खोक्यातून निघाला तो टाकीच्या आत लावायचा ताशी 800 लिटरचा पॉवर फिल्टर आणि 100 वॅटचा हीटर. फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा तर रिकाम्या पंपाचा असतो; आत स्पंज बसला आणि तो थोडा भरला की प्रवाह आणखी कमी होतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पावतीवर मात्र कॅनिस्टरचीच किंमत लावलेली आहे. जोडणीला आलेल्या कारागिराला वडिलांनी हा फरक दाखवला, तेव्हा “दोन्ही सारखेच असतात” असे उत्तर मिळाले.

त्याच कारागिराने टाकी गॅलरीत ठेवण्याचा आग्रह धरला, कारण तिथे प्लग जवळ होता. पाणी, 12 मिलिमीटरची काच, खडी आणि स्टँड धरून हे वजन साडेचारशे किलोच्या पुढे जाते आणि ते जेमतेम अर्ध्या चौरस मीटरवर येते. राहत्या खोल्यांच्या जमिनीचा विचार करताना अभियंते चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरतात. पुढे काढलेल्या गॅलरीच्या स्लॅबवर हे ओझे ठेवायला आपला प्रशिक्षित माणूस तयार झाला, ही गोष्ट आपण गंभीरपणे घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वडिलांनी ठाम राहून टाकी आतल्या खोलीत, बीमच्या वरच्या भिंतीलगत लावून घेतली. टाकीखाली थर्मोकोलचा थर मात्र त्याने घातलाच नाही. सपाट तळाच्या काचेखाली बारीक खडा राहिला तरी सगळा ताण त्या एका जागी येतो आणि टाकी भरल्यावर ही चूक दुरुस्त करायची तर ती पूर्ण रिकामी करावी लागते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पैसे भरण्यापूर्वी मी आपल्या विक्री सल्लागारांना ईमेलवर स्पष्ट विचारले होते की, टाकी भरल्यावर मासे किती दिवसांनी सोडावेत आणि वाढदिवसाला टाकी तयार हवी असेल तर ती किती आधी लावावी. आम्ही दीड महिना आधीही टाकी लावून घ्यायला तयार होतो, हेही त्यात लिहिले होते. उत्तर आले : “आमच्या संचातील जिवाणूंच्या बाटलीमुळे टाकी त्याच दिवशी तयार होते. वाढदिवसाच्या सकाळीच टाकी आणि मासे सोबत येतील, भेटीचा आनंद वाढेल.” तो ईमेल या पत्रासोबत जोडला आहे.

नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून माशांना विषारी असलेला अमोनिया साचतो. त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, रिंग्जवर आणि खडीवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी वाढायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. चांगल्या प्रतीची बाटली हा काळ कमी करू शकते. पण तेहेतीस मासे एकाच सकाळी सोडून, पाण्याची एकही चाचणी न करता, सगळा भार त्या बाटलीवर टाकणे हे माशांच्या जिवाशी खेळणे आहे. आपण मत्स्यालयांचाच व्यवसाय करता, त्यामुळे हे अज्ञानातून झाले असे मी मानू शकत नाही. वाढदिवसाची तारीख गाठली नाही तर विक्री हातची जाईल, म्हणून आवश्यक तो काळ आमच्यापासून लपवण्यात आला.

माशांची निवडही आपल्याच तज्ज्ञांची. सहा गोल्डफिश, चार एंजल, वीस निऑन टेट्रा, दोन ऑस्कर आणि एक सकर (काचेला चिकटणारा मासा). गोल्डफिशला विशीच्या आसपासचे थंड पाणी मानवते. एंजल आणि निऑन त्याहून उबदार पाण्यातले. ऑस्कर आज दोन इंचांचा दिसत असला तरी तो फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा खातो. निऑन त्याच्या तोंडात आताच मावतो. सकरही फुटाच्या पुढे जातो. हे पाच प्रकार एका टाकीत आयुष्यभर राहू शकत नाहीत. ही यादी माशांसाठी नव्हे, संचाच्या खोक्यावरच्या रंगीत चित्रासाठी केलेली आहे.

तिसऱ्या दिवशी मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. वडील निवृत्तीपर्यंत जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत होते; त्यांची सारी नोकरी पाणी तपासण्यात गेली. संचात चाचणीचे साहित्य नव्हतेच, म्हणून त्यांनी ते बाजारातून आणले. अमोनिया लिटरला 4 मिलिग्रॅम आणि पीएच, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा आकडा, 8 च्या वर आढळला. पीएच 7 च्या पाण्यात अमोनियाचा जो घातक अंश असतो, त्याच्या जवळपास दहापट तो पीएच 8 ला असतो. म्हणजे माशांना वाचण्याची फारशी संधीच नव्हती. वडिलांनी रोज एक तृतीयांश पाणी बदलले, नळाच्या पाण्यातला क्लोरीन मारून, तापमान जुळवून, प्रत्येक नोंद तारीखवार वहीत ठेवून. तरीही आधी निऑन गेले, मग एंजल, मग गोल्डफिश. जाळीने मेलेले मासे काढण्याचे काम पंचाहत्तरी झालेल्या माणसाला आमच्या भेटीमुळे करावे लागले.

या सगळ्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांशी जो फोन झाला, तो मी पूर्ण लिहीत आहे, कारण त्याचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे आणि आपण ते स्वतः ऐकावे अशी माझी अपेक्षा आहे. वडिलांना मी त्या फोनवर जोडून घेतले होते आणि ते ऐकत आहेत हे सुरुवातीलाच सांगितले होते. वडिलांनी अमोनियाचे आणि पीएचचे आकडे तारखांसह वाचून दाखवले. ते बोलत असतानाच अधिकारी मला म्हणाले, “सर, आजोबा खायला जास्त घालत असतील. या वयात घातलेले लक्षात राहत नाही.” वडिलांनी शांतपणे सांगितले की खाद्य दिवसातून एकदा, चिमूटभर दिले जाते आणि तेही वहीत लिहिलेले आहे. त्यावर उत्तर आले, “आजोबा, वही ठीक आहे, पण क्लोरीन वगैरे तुम्हाला समजणार नाही, घरात कोणी तरुण आहे का?” ज्या माणसाने पाण्यात उरणारा क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये म्हणून वर्षानुवर्षे रात्रपाळ्या केल्या, त्याला हे ऐकवले गेले. वडील काहीच बोलले नाहीत. मी त्यांची पार्श्वभूमी सांगितली, तेव्हा अधिकारी म्हणाले, “असेल सर, पण शेवटी मासेच आहेत, दुसरे पाठवतो, विषय संपवा.” मी विचारले की त्याच पाण्यात, त्याच फिल्टरवर दुसरे मासे पाठवून काय साधणार. त्यांनी सांगितले की जिवंत माशांवर हमी नसते, तरीही कंपनी ‘सदिच्छा’ म्हणून दहा निऑन देत आहे, आणि ते नको असतील तर प्रकरण बंद. आणि प्रकरण बंद केले गेले.

एक शब्द दिलगिरीचा नाही. वडिलांनी फोननंतर मला एवढेच विचारले, “आपण आधी विचारले होते ना त्यांना?” होय, आम्ही आधी विचारले होते, लेखी विचारले होते, थांबायला तयार होतो, आणि आपण लेखी उत्तर दिले होते. हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण आपल्या एकाही अधिकाऱ्याने तो ईमेल उघडून पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वाचनालयासाठी दोन फुटी टाकी आपल्याकडूनच घेतली होती. त्या वेळच्या आपल्या माणसाने टाकी भरून दिली, महिनाभर माशांशिवाय चालवायला सांगितली आणि मग मासे आणून दिले. त्या टाकीतले मासे आजही उत्तम आहेत. त्याच विश्वासावर मी आपले नाव भावंडांना सुचवले. ज्या कंपनीला योग्य पद्धत माहीत आहे, तिने भेटवस्तूच्या गिऱ्हाइकासाठी ती गुंडाळून ठेवली, याचे मला मनापासून दुःख आहे.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कबूल केलेला कॅनिस्टर फिल्टर आणि 300 वॅटचा हीटर द्यावा. जाणकार माणूस पाठवून टाकी रिकामी करून खाली थर्मोकोल घालून द्यावा. माशांची आणि जोडणीची पूर्ण रक्कम परत करावी. आणि त्या फोनबद्दल वडिलांच्या नावे लेखी माफी पाठवावी. यांतली माफी सर्वांत आधी हवी. बदली मासे नकोत. पाणी तयार झाले की वडील स्वतः निवडून आणतील.

ई-वाणिज्य नियम, 2020 प्रमाणे आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनी 48 तासांत या पत्राची पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये पुण्याच्या जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींखाली तक्रार दाखल करीन. तक्रारदार राहतो तिथे ती दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. ईमेल, पावती, खोक्यांची छायाचित्रे आणि वडिलांची वही हे सर्व तयार आहे.

दोन्ही ऑस्कर आणि सकर अजून जिवंत आहेत आणि त्या अपुऱ्या फिल्टरवर वडील रोज पाणी बदलून त्यांना जगवत आहेत. त्या तीन माशांना योग्य आकाराच्या, तयार टाकीत नेण्याची व्यवस्था हे पत्र मिळताच करावी. पैशांचा हिशेब त्यानंतर केला तरी चालेल.

आपला ग्राहक,
(नाव व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)
पुणे