पाच रुपयांच्या पुड्यावर वजन, मग लाखाच्या विमानाच्या तिकिटावर सीटचे इंच का नाहीत?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी गेली बत्तीस वर्षं दापोडीत घरीच ब्लाऊज शिवते. त्यामुळे इंच म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको, अर्धा इंच चुकला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात. आमचे हे इथल्याच एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, आयुष्य बसच्या बॉड्या बांधण्यात गेलं. उंची सहा फूट एक इंच. लग्नात सगळे म्हणाले जोडा विजोड आहे पण ते असो.

मागच्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पहिल्यांदा अमेरिकेला गेलो, न्यूजर्सीला. मुंबईहून आखातात, तिथे विमान बदललं आणि पुढचं विमान जवळजवळ चौदा तासांचं. एका रांगेत दहा माणसं, तीन चार तीन. हे मधल्या चारात कडेला बसले आणि पहिल्या दोन तासांतच लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे, कारण हा माणूस कधी तक्रार करत नाही आणि तो गप्प बसून सारखा मांडी चोळत होता. पुढच्या सीटखाली एका बाजूला तो टीव्हीचा डबा असतो ना, त्याने उजवा पाय सरळ होईना, डावा पॅसेजमध्ये काढला की खाण्याची ट्रॉली येऊन धडकायची.

माझ्या पर्समध्ये टेप कायम असते, सवयच आहे. रात्री लाईट बंद झाल्यावर काढली. ह्यांच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत बरोबर ३१ इंच. याला पिच म्हणतात हे मला नंतर कळलं. पण ३१ इंच म्हणजे पायाला ३१ इंच नाही बरं का, त्यात सीटच्या पाठीची जाडी पण धरलेली असते. ती सोडून साडेसत्तावीस. मग ह्यांचं माप घेतलं, पाठ टेकून बसल्यावर कमरेपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत २५. राहिले अडीच, आणि त्या अडीचात पुढच्या खिशातलं मासिक, हेडफोन, पाण्याची बाटली, आणि माणूस झोपेत जरासा खाली सरकला की संपलंच. ब्लाऊज शिवताना आम्ही आत माया ठेवतो, पुढे अंग सुटलं तर उसवून वाढवता यावं म्हणून. या सीटला माया म्हणून नाहीच. एअरहोस्टेस टॉर्च घेऊन आली, विचारलं काय चाललंय, मी म्हटलं माप घेतेय. ती हसली आणि गेली, बिचारी तिच्या हातात तरी काय आहे.

तुम्ही म्हणाल एक्झिटजवळची सीट घ्यायची होती. मुलीने बघितली होती. जास्तीचे पैसे तर आहेतच, पण तिथे बसणाऱ्याला वेळ आली तर दार उघडून लोकांना बाहेर काढायला मदत करता आली पाहिजे असा नियम आहे, आणि तो बरोबरच आहे. ह्यांचा एक गुडघा कामातून गेलेला. म्हणजे ज्याच्या गुडघ्याला जागा हवी त्याचा गुडघा दुखतो म्हणून ती जागा त्याला नाही!

आता मूळ मुद्दा. तिकीट काढताना मोबाईलवर सगळं दिसतं, किती वाजता निघणार, किती किलो सामान, जेवण व्हेज का नॉनव्हेज. फक्त माणूस बसणार ती जागा किती इंच आहे तेवढंच किमतीशेजारी दिसत नाही, नुसतं ‘इकॉनॉमी’ लिहिलेलं असतं. आणि विमानाच्या नावावरून पण काही कळत नाही. जावईबापूंनी सांगितलं की तेच बोईंग ७७७ काही कंपन्या नऊ सीटच्या रांगांचं ठेवतात आणि काही दहाचं, ७८७ मध्ये बहुतेक सगळ्यांकडे नऊ पण जपान एअरलाइन्स परदेशी मार्गांवर आठच बसवते. विमान तेच, भिंती त्याच, माणसं कमीजास्त. आणि गंमत ऐका, सिंगापूर ते न्यूअर्क अठरा तासांच्या वरची जी थेट फ्लाईट आहे त्यात सिंगापूर एअरलाइन्सने इकॉनॉमी क्लास ठेवलेलाच नाही, फक्त बिझनेस आणि जास्त जागेची प्रीमियम इकॉनॉमी. म्हणजे कंपन्यांना कळतं की हो सगळं.

हे म्हणतात की एसटीची बॉडी बांधताना दोन सीटमध्ये कमीत कमी किती अंतर हवं ते बस बॉडी कोडमध्ये लिहिलेलं असतं, मनाला येईल तसं बसवता येत नाही. विमानाला पण असं काहीतरी ठरवा म्हणून तिकडे अमेरिकेत प्रवाशांची संघटना कोर्टात गेली होती, पूर्वी सरासरी ३५ इंच होतं ते ३१ वर आलं आणि काही ठिकाणी तर २८ वर, असं त्यांचं म्हणणं. २०१७ च्या निकालात न्यायाधीशबाईंनी सुरुवातीलाच याला आकसत चाललेल्या विमानसीटची अजब केस म्हटलं. मग २०१८ ला कायदा झाला, तिथल्या विमान खात्याने वर्षभरात सीटचं कमीत कमी माप ठरवायचं. वर्ष गेलं, माप काही ठरलं नाही. २०२२ ला लोकांकडून सूचना मागवल्या तर सव्वीस हजारांच्या वर आल्या. मधल्या काळात सीट जवळजवळ असल्या तरी विमान ९० सेकंदांत रिकामं होतं का याच्या चाचण्या पण घेतल्या, पण त्यात १८ ते ६० वयाचीच माणसं. ह्यांचं वय ६६, आणि आमच्या विमानात आमच्यासारखे आजी-आजोबाच किती होते, शिवाय तान्ही मुलं वेगळीच.

म्हणून मी कमीत कमी माप ठरवा असं म्हणतच नाहीये, ते होईल तेव्हा होईल. मी म्हणते नुसतं छापा. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्यावर वजन छापावं लागतं की नाही? पुडा वर्षानुवर्षं पाचलाच मिळतो, आतली बिस्किटं कमी होत जातात, पण निदान ग्रॅम लिहिलेले असतात, ज्याला वाचायचंय तो वाचतो. तसं तिकिटाच्या किमतीशेजारी सीटचं पिच इतके इंच, रुंदी इतके इंच, आणि तेही पैसे भरायच्या आधी. आपल्या विमान खात्याने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ ला सांगितलंच ना की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांच्या शेजारी सीट द्या, मग हेही सांगता येईल, निदान भारतातून निघणाऱ्या लांबच्या सगळ्या फ्लाईटसाठी, कंपनी देशी असो नाहीतर परदेशी.

यावर जावईबापूंचं म्हणणं की लोक शेवटी स्वस्त तेच घेतात. अमेरिकन एअरलाइन्सने २००० साली इकॉनॉमीतल्या काही रांगा काढून सगळ्यांना जास्त जागा दिली होती, पण लोक त्यासाठी जास्त पैसे देईनात, चार-पाच वर्षांत रांगा परत आल्या. असेल. पण मला सांगा, यादीत नुसती किंमत दिसत असेल तर माणूस किंमतच बघणार ना? कापड न दाखवता नुसती शिलाई सांगितली तर बाई स्वस्त शिलाईच घेणार.

आणि कृपा करून पुढे बसलेल्याशी भांडू नका. २०१४ मध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेलं विमान शिकागोला उतरवावं लागलं, का तर एकाने पुढची सीट मागे येऊ नये म्हणून प्लास्टिकची अडकण लावली, पुढच्या बाईने त्याच्यावर पाणी फेकलं. दोघंही जादा पैशांच्या, जास्त जागेच्या सीटवर होते! पुढच्याची पण पाठ दुखतच असते हो.

डॉक्टरांचं पण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ ला म्हटलंय की चार तासांच्या वर न हलता बसलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो, ट्रेन असो की बस. तरी तो सहा हजारांत एखाद्याला, म्हणून घाबरायचं कारण नाही, पण ह्यांना जाताना-येताना पायाला दाब देणारे मोजे घालायला लावले आणि दर तासाला उठवलं. हे कडेला तरी होते, मी मधे, उठायचं म्हणजे शेजारच्याच्या अंगावरून, माझं तर विचारूच नका.

आता धाकटीचं बाळंतपण आहे फेब्रुवारीत, ती पण तिकडेच, टोरंटोला. या वेळी शहाणी झाले, तिकीट काढायच्या आधी तीन कंपन्यांना मुलीकडून ईमेल लिहून घेतला की सीटचं पिच किती ते कळवा. दोघांचं उत्तरच नाही. एकीचं आलं, आमच्या सर्व सीट अत्यंत आरामदायी आहेत. मी परत लिहायला लावलं, आरामदायी म्हणजे किती इंच? त्याला आता अठरा दिवस झाले.

आपली नम्र,
एक शिंपीणबाई, दापोडी, पुणे