तीन भोकांवरून रायफल ओळखता येत नाही

महोदय,

जुन्या लष्करी रायफलींविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखासोबत एक टार्गेट छापले होते. थ्री-नॉट-थ्री एन्फील्डमधून शंभर मीटरवरून मारलेल्या तीन ओतीव शिशाच्या गोळ्या आणि तिन्ही भोके झाकणारे दहा रुपयांचे नाणे. हाताने भरलेले काडतूस कारखान्याच्या काडतुसापेक्षा सरस, असा निष्कर्ष त्यावरून काढला आहे. चित्राबद्दल शंका नाही, पण निष्कर्ष त्यातून निघत नाही.

दहाचे नाणे 27 मिमी व्यासाचे. बाहेरच्या कडांमधल्या अंतरातून एका भोकाची रुंदी वजा केली की केंद्रापासून केंद्रापर्यंत साधारण 20 मिमी उरतात. ही वजाबाकी गोळीच्या व्यासाने करू नये. कागद फाटून पुन्हा मिटतो, भोक गोळीपेक्षा लहान दिसते. त्याच कागदावरचे एखादे सुटे भोक मोजावे. आता याच रायफलीचा, याच काडतुसाचा तीन गोळ्यांचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा समूह) सरासरी 20 मिमी येतो असे धरले, तर पाच गोळ्यांचा सरासरी 25 आणि दहांचा 32 मिमी येईल. बंदूक बिघडलेली नसते. गोळ्या वाढल्या की एखादी दूर जाण्याची संधी वाढते, एवढेच. शिवाय तीन-तीनचे ग्रुप आज 12, उद्या 30 असे हेलकावे खातात. त्यातला 12 चा कागद खिशात घालून फिरणारे नेमबाज प्रत्येक रेंजवर भेटतात.

मुळात ओतीव गोळीची चाचणी टार्गेटवर नाही, नळीत सुरू होते. .303 ची जॅकेटवाली (तांबेमिश्रित धातूचे कवच असलेली) गोळी .311 इंचाची, पण लढाईतून आलेल्या नळ्यांच्या खाचांमधला (गोळीला फिरकी देण्यासाठी आतून कोरलेल्या चऱ्यांमधला) व्यास .314 ते .316 निघणे नेहमीचे. दाबाने जॅकेटवाली गोळी थोडी फुगून निभावून नेते. शिशाची गोळी मात्र खाचांच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंच जाडच हवी. बारीक असली तर तिच्या बाजूने तापलेला वायू निसटतो, शिसे वितळवतो आणि ते नळीला चिकटते.

हा व्यास काढायला मऊ शिशाचा तुकडा तेल लावलेल्या नळीतून दांड्याने हळूहळू ढकलतात आणि बाहेर आल्यावर मोजतात. इथेच बहुतेकांची फसगत होते. एन्फील्डच्या नळीत पाच खाचा असतात, म्हणजे एका खाचेच्या समोर दुसरी खाच नसून उंचवटा असतो. साधा मायक्रोमीटर लावला की माप कमी येते, त्या मापाने गोळ्या ओतायचा साचा घेतला जातो आणि मग ‘शिसे काही चालत नाही’ असा शिक्का बसतो. अशा तुकड्याला व्ही-आकाराचा मायक्रोमीटर हवा. नसेल तर पातळ पोलादी पत्र्याची पट्टी गुंडाळून मोजावे आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करावी. युद्धकाळातल्या एन्फील्डच्याच काही नंबर 4 रायफलींना दोनच खाचा आहेत, तिथे ही कटकट नाही.

वजनाचे काम आपल्या सराफ्यातल्या काट्याच्या तोडीचे आहे. एक तोळा म्हणजे 180 ग्रेन आणि मार्क 7 या .303 काडतुसाची मूळ लष्करी गोळी 174 ग्रेनची, म्हणजे तोळ्याला जरा कमी. ओतीव गोळ्या अर्ध्या ग्रेनच्या, म्हणजे 32 मिलिग्रॅमच्या गटांत निवडतात. गटापेक्षा हलकी निघाली तर आत पोकळी आहे असे समजून ती परत मुशीत टाकावी. सुरकुत्या पडल्या तर साचा थंड. अंगावर दाट पांढुरकी झाक आली तर तो जास्त तापला. 90 भाग शिसे, 5 कथील, 5 अँटिमनी हे जुने खात्रीचे मिश्रण. अँटिमनीमुळे गोळी ओतल्यानंतरही काही दिवस कडक होत राहते, म्हणून कालची गोळी आणि महिनाभर ठेवलेली गोळी एकाच चाचणीत घेऊ नये.

गोळीबाराआधी नळीतले तांबे पूर्ण काढावे, पहिल्या काही गोळ्या मोजणीत धरू नयेत. दोन प्रकारांची तुलना असेल तर आधी सगळा एक आणि मग सगळा दुसरा असे न करता आलटून पालटून दहा-दहाचे ग्रुप घ्यावेत, नाहीतर तापलेल्या नळीचा आणि थकलेल्या डोळ्याचा दोष दुसऱ्या प्रकाराच्या माथी बसतो. मधेच साइट हलवू नये. मार खाली लागतो की वर याला इथे किंमत नाही. नंतर नळी पाहावी. चेंबरजवळ (काडतूस बसते तिथे) शिशाचे पट्टे असतील तर गोळी बारीक, तोंडाजवळ असतील तर गोळीला वंगण म्हणून लावलेले मेण अपुरे. भोके लांबट दिसली तर गोळी डगमगत जाते. आणि ग्रुप काही केल्या जमत नसेल तर नळीच्या तोंडाकडे बघा: पुलथ्रूची (नळी साफ करायला आतून ओढायची) दोरी वर्षानुवर्षे एकाच बाजूला घासून ते लंबगोल झालेले असते. तिथे कोणतीही गोळी काही करणार नाही.

पावडरीचे वजन इथे मुद्दाम दिलेले नाही. आपल्याकडे .303 हा नागरिकांना निषिद्ध बोअर (नळीचे माप) आहे. इशापूरची .315 परवान्यावर मिळते, पण काडतुसे बनवायलाही 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवाना लागतो. हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. विदेशातला छंद वाचून घरी प्रयोग करणारे कमी नाहीत.

इंदूरच्या नेमबाजी करणाऱ्या मुलांना मोजणीचा हा हिशेब एअर रायफलला लागू पडतो. 4.49, 4.50, 4.51 मिमी अशा डोक्यांचे पेलेट (एअर रायफलचे छर्रे) डब्यांत मिळतात. कोणता आपल्या नळीला मानवतो हे पाच पेलेटच्या एका ग्रुपवर ठरवून वर्षाचे डबे उचलले जातात. दहा-दहाचे निदान तीन ग्रुप मारून मगच पैसे मोजावेत.

एक विनंती. यापुढे असे टार्गेट छापताना खाली अंतर, गोळ्यांची संख्या, एकूण किती ग्रुप मारले आणि त्यातला हा कितवा, एवढे छापावे.

आपला,
एक वाचक, इंदूर