डेबिट नोट हातात घेऊन आलेल्या दोन भावांकडून आभार

आदरणीय वकील मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तडजोडीचा शेवटचा हप्ता गेल्या आठवड्यात आमच्या खात्यावर जमा झाला आणि त्याच संध्याकाळी आपल्याला हे पत्र लिहायचे, असे मी आणि माझ्या धाकट्या भावाने ठरवले. फोनवर आभार मानून झाले होते. परंतु आपण आमच्यासाठी नेमके काय केले, हे शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या आणि इतर ठिकाणच्या आमच्यासारख्या लहान कारखानदारांनाही कळावे असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही आपल्याकडे आलो, तेव्हा एका पार्टीकडे पंपाच्या कास्टिंगच्या मशीनिंगचे 11 लाख 40 हजार रुपये अडकलेले होते. एप्रिल ते सप्टेंबर 2022 या काळातली ती बिले. त्यानंतरची दोन वर्षे आम्ही फोन केले, स्वतः जाऊन बसलो, दिवाळीला मिठाई दिली, आणि वकिलाचे नाव काढले तर पुढचे कामही जाईल या भीतीने त्यापलीकडे काही केले नाही. मग नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांच्याकडून डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून रक्कम कापत असल्याचा कागद, आली. तीत बराचसा माल रिजेक्ट दाखवला होता, आणि चार लाखांत सर्व हिशेब पूर्ण व अंतिमपणे मिटल्याचा एक कागद आमच्या सहीसाठी सोबत जोडला होता. कामगारांचे पगार तोंडावर होते, त्यामुळे सही करून चार लाख पदरात पाडून घ्यावेत, असे आम्ही दोघांनीही जवळजवळ ठरवले होते.

आपण तो कागद वाचून बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "तुम्ही दोन वर्षे फोनवर बोलत होता आणि ते कागद तयार करत होते." हे वाक्य मी तेव्हापासून अनेकांना सांगितले आहे. वकिलाकडे जायचे ते भांडण हातघाईवर आल्यानंतर, असा आमचा समज होता. ज्या दिवशी समोरचा माणूस तोंडाने गोड बोलत असतानाच लेखी काहीतरी वेगळे पाठवतो, किंवा आपल्याकडून लेखी काही मागतो, त्या दिवशी जायला हवे, हे आपण आम्हाला समजावून सांगितलेत.

त्यानंतर आपण भांडणाविषयी फारसे काही विचारले नाही, तारखा विचारल्या. माल कधी पोहोचला, मालासोबतच्या चलनावर पोहोचल्याची सही कोणाची आहे, उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) कोणत्या दिवशीची आहे. आमची नोंदणी 2020 ची, म्हणजे माल पाठवण्याआधीची निघाली, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर समाधान दिसले आणि ते कशाचे, हे आम्हाला नंतर समजले. त्या नोंदणीमुळे आम्ही ज्याचा आधार घेऊ शकत होतो, त्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे माल मिळाल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे धरले जाते. आणि आमच्या हातात असलेली डेबिट नोट दोन वर्षांनंतरची होती. करारात काहीही लिहिलेले असले तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही आणि ती चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, हेही आम्ही आपल्याकडूनच प्रथम ऐकले. त्या महिन्यात बँक रेट 6.75 टक्के होता. म्हणजे वर्षाला 20.25 टक्के! आमच्या वाट पाहण्याला कायद्याने किंमत ठरवून ठेवलेली होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

उशीर केल्यामुळे जे हातचे गेले, तेही आपण आडपडदा न ठेवता सांगितलेत. डिसेंबर 2022 मध्ये त्याच पार्टीचा 1 लाख 80 हजारांचा चेक न वटता परत आला होता. त्यांनी विनंती केली म्हणून बँकेचा मेमो आम्ही ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली असती आणि नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नसते, तर पुढच्या एका महिन्यात चेक न वटण्याविषयीच्या, परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली फौजदारी तक्रार करता आली असती. रक्कम मागण्याचा हक्क उरला, पण तो मार्ग बंद झाला. याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्या वेळी अर्ध्या तासाचा सल्ला पुरेसा होता.

दुसरी चूक मात्र दुरुस्त होण्यासारखी होती. आमच्याकडे भागीदारीचे करारपत्र होते, पॅन होते, जीएसटी क्रमांक होता, बँकेत फर्मचे खाते होते. म्हणून फर्म नोंदलेली आहे असेच आम्ही धरून चाललो होतो. ती फर्मच्या निबंधकाकडे नोंदलेली नाही, आणि भारतीय भागीदारी अधिनियम, 1932 च्या कलम 69 मुळे अशा फर्मला करारावरून उद्भवलेल्या हक्कासाठी बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही, हे आपण दाखवलेत. आपण आधी ती नोंदणी करून घेतली आणि मगच पुढचे पाऊल टाकले. पहिले बिल 9 एप्रिल 2022 चे आणि पैसे देण्याची ठरलेली मुदत 30 दिवसांची असल्याने दावा करण्याची तीन वर्षांची कालमर्यादा मे 2025 पासून एकेका बिलाला गाठणार होती. मार्च 2023 मध्ये पार्टीने सही-शिक्क्यानिशी दिलेले, येणे बाकी मान्य करणारे पत्र आमच्या फायलीत सापडले आणि त्या पत्रामुळे मुदत नव्याने मोजता येते असे आपण सांगितलेत. तरीही त्यावर विसंबून न राहता मार्च 2025 मध्येच फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी परिषदेकडे, अर्ज दाखल केलात.

तिथल्या समेटाच्या बैठकीत समोरची बाजू बोलायला तयार का झाली, याचे कारणही आपण नंतर उलगडून सांगितलेत. निवाडा विरुद्ध गेल्यास त्याला आव्हान देण्यासाठी त्यांना आधी निवाड्यातली 75 टक्के रक्कम भरावी लागली असती. 9 लाख 70 हजारांवर, तीन हप्त्यांत, लेखी तडजोड झाली. व्याज आणि मुद्दलाचा काही भाग सोडायचा की लढत राहायचे हा निर्णय आपण पूर्णपणे आमच्यावर सोपवलात आणि दोन्ही वाटांना लागणारा काळ व खर्च समोर मांडलात.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. त्याच पहिल्या भेटीत आम्ही टूल पुरवणाऱ्या एका दुकानदाराशी असलेला 38 हजारांचा वादही काढला होता. तो ऐकून घेऊन आपण म्हणालात, "यात माझी गरज नाही. बिले घेऊन त्यांच्याकडे जा आणि हिशेब समोरासमोर बसून जुळवा." आम्ही गेलो. दोन नोंदी दुबार पडल्या होत्या. तासाभरात मिटले आणि त्यांच्याकडून आजही माल येतो. फी मिळण्याजोगे काम आपण नाकारलेत, त्यामुळे मोठ्या कामात आपण जे सांगाल ते शंका न घेता ऐकायचे, असे आम्ही त्याच दिवशी ठरवले.

आता चलनावरची पोहोच त्याच दिवशी घेतली जाते, आणि 31 मार्चला प्रत्येक पार्टीकडून येणे बाकी मान्य करणारे, सही केलेले पत्र मागवण्याचे काम भावाने स्वतःकडे घेतले आहे. एका जुन्या ग्राहकाने नव्या कराराचा मसुदा पाठवला आहे. सही करण्याआधी तो घेऊन पुढच्या सोमवारी आपल्याकडे येत आहोत.

आपले कृतज्ञ,
शिरोलीच्या मशीन शॉपमधले दोघे भाऊ